हप्त्यामागचा हिशेब

समजा, वांद्र्याच्या एका इमारतीखाली दोन मोटारी उभ्या आहेत. कंपनी एक, मॉडेल एक, रंगही एकच. दोन्ही एकाच महिन्यात, एकाच शोरूममधून घेतलेल्या. तरी एकीच्या मालकाला यंदा विम्यापोटी १६ हजार रुपये भरावे लागतात आणि दुसरीच्या मालकाला साडेबावीस हजार. लिफ्टमध्ये दोघांची गाठ पडते, आकडे एकमेकांना कळतात आणि साडेबावीस हजारवाल्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की एजंटाने आपल्याला फसवलं.

बहुतेक वेळा एजंटाने फसवलेलं नसतं. हप्ता ठरवण्याचं एक गणित असतं. ते अवघडही नाही. पण कुणी ते उलगडून सांगत नाही, आणि पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं वाचायची तर चष्म्याचा नंबर वाढेल. म्हणून हे गणित आज साध्या भाषेत पाहू.

भिशी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दहा-वीस जण दरमहा ठरलेली रक्कम काढतात आणि पाळीपाळीने एकेक जण ती उचलतो. विमा ही त्याच जातीची भिशी. फरक इतकाच, की भिशीत आपली पाळी कधी येते याची आपण वाट पाहतो. इथे ती येऊच नये अशी प्रत्येकाची इच्छा असते. समजण्यासाठी एक आकडा घेऊ. एक हजार गाड्या आहेत. वर्षभरात त्यांपैकी पन्नास गाड्यांना काही ना काही ठोकर बसते आणि प्रत्येकीच्या दुरुस्तीला सरासरी ४० हजार लागतात. म्हणजे एकूण २० लाख. ते हजार जणांत वाटले, तर प्रत्येकी दोन हजार. त्यावर कंपनीचा कारभाराचा खर्च, एजंटाचं कमिशन आणि थोडा नफा चढवला की झाला हप्ता. ते पन्नास जण कोण, हे कुणीच सांगू शकत नाही. पण पन्नासच्या आसपास असतील, हे मागच्या अनुभवावरून सांगता येतं. विम्याचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता कोणी म्हणेल, मी गाडी जपून चालवतो, मग बेफाम चालवणाऱ्याइतकेच दोन हजार मी का भरायचे? इथून पुढे गणित गुंतत जातं. कंपनी त्या हजार गाड्यांचे गट पाडू लागते. छोट्या गाड्या, मोठ्या गाड्या. शहरातल्या, गावाकडच्या. नव्या, जुन्या. कोणत्या खुणेवरून गट पाडायचा, हाच हप्त्याच्या गणितातला खरा प्रश्न. त्याच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

आपल्या पॉलिसीत हप्त्याचे दोन मुख्य भाग असतात आणि त्यांचे नियम अगदी निराळे आहेत. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. हा विमा सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली आणि १९८८ च्या कायद्यात ती कलम १४६ म्हणून कायम राहिली. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इतकं असूनही आपल्या देशातली निम्म्याहून अधिक वाहनं विम्याविना धावतात, आणि त्यांत मोठा वाटा दुचाकींचा आहे.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही. तो सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून जाहीर करतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीचं इंजिन एक हजार सीसीपर्यंत असेल तर वर्षाला २,०९४ रुपये, एक हजार ते दीड हजार सीसी असेल तर ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठं असेल तर ७,८९७ रुपये. विजेवर चालणाऱ्या गाडीला १५ टक्के सूट. नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासूनचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आला. या भागात तुमचं वय, तुमची सफाई, तुमचा पत्ता यांपैकी काहीही विचारात घेतलं जात नाही. पाली हिलवरची गाडी असो की बेहरामपाड्यातली, इंजिन सारखं तर हप्ता सारखा.

या ३,४१६ रुपयांच्या मोबदल्यात कंपनी काय अंगावर घेते, ते पाहण्यासारखं आहे. समजा, एस. व्ही. रोडवर एका मोटारीखाली ३२ वर्षांचा एक फेरीवाला दगावला. महिन्याला २० हजार कमावणारा. मागे बायको आणि दोन मुलं. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी मोजतं? त्याची वर्षाची कमाई २ लाख ४० हजार. पुढे ती वाढली असती, म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी तिच्यात ४० टक्के मिळवायचे, की झाले ३ लाख ३६ हजार. त्यातला एक तृतीयांश त्याने स्वतःवर खर्च केला असता, तो वजा केला की उरले २ लाख २४ हजार. आता या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. ३१ ते ३५ वयासाठी तो आकडा १६ आहे. उत्तर येतं ३५ लाख ८४ हजार. गुणकांचा हा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात घालून दिला आणि भविष्यातल्या वाढीचे टक्के २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात. अंत्यविधीचा खर्च आणि अशी इतर कलमं वेगळीच.

म्हणजे अशा एका मृत्यूची भरपाई करायला त्या गटातल्या जवळजवळ १,०५० गाड्यांचे वर्षाचे पूर्ण हप्ते लागतात. मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला या विम्यात वरची मर्यादा नाही. विमा नसेल, तर हीच रक्कम मालकाच्या खिशातून, घरदार विकून उभी करावी लागते. आणि मालकाकडे विकायला काही नसेल, तर ती विधवा नुसता हुकूमनामा घेऊन बसते. थर्ड पार्टीचा हप्ता म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद अशी आपली समजूत आहे. खरं तर आपण कधी पाहिलेल्या नसतात अशा माणसांसाठी काढून ठेवलेले ते पैसे असतात.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याला ओन डॅमेज म्हणतात. हा ऐच्छिक आहे आणि लिफ्टमधला तो फरक इथेच पडतो. पूर्वी हे दरही ठरलेले असत. देशभराचं एक टॅरिफ होतं आणि कोणत्याही कंपनीत जा, दर तोच. १ जानेवारी २००७ पासून हे बंधन उठलं आणि कंपन्या आपापले दर लावू लागल्या. पण जुनं टॅरिफ समजून घेतलं की हिशेबाचा सांगाडा कळतो. कंपन्यांनी पुढे त्यावरच आपापल्या सुटी आणि चढ चढवले.

या सांगाड्यातला पहिला आकडा गाडीच्या किमतीचा. पॉलिसीवर तो आयडीव्ही म्हणून छापलेला असतो. शोरूमच्या किमतीतून घसारा वजा करून तो काढतात. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं. गाडी चोरीला गेली किंवा तिचा पार चुराडा झाला, तर हीच रक्कम हाती येते. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी हा आकडा खाली ओढून देत असेल, तर सावध राहावं. आज वाचलेले पाचशे रुपये उद्या पन्नास हजारांना पडू शकतात.

दुसरा आकडा दराचा. तो इंजिनचा आकार, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण यांवर ठरे. टॅरिफने खासगी मोटारींसाठी देशाचे दोन भाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं ‘ए’ विभागात. उरलेला सगळा देश ‘बी’ विभागात. एक हजार ते दीड हजार सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ‘ए’ विभागात ३.२८३ टक्के आणि ‘बी’ विभागात ३.१९१ टक्के. आपल्याला वाटतं मुंबईच्या गर्दीची केवढी किंमत मोजावी लागत असेल! ४ लाख ८० हजारांच्या गाडीवर मुंबईचा दर १५,७५८ रुपये होतो आणि रत्नागिरीचा १५,३१७. फरक अवघा ४४१ रुपयांचा.

तिसरा आकडा नो क्लेम बोनसचा, आणि सगळ्यात मोठी उलथापालथ हाच करतो. एक वर्ष क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट. सलग दोन वर्षं नाही केला तर २५, तीन वर्षांना ३५, चार वर्षांना ४५ आणि पाच वर्षांना ५०. मध्ये एक क्लेम केला, की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आता त्या दोन गाड्यांचा हिशेब मांडू. शोरूमची किंमत आठ लाख, तीन वर्षं नुकतीच उलटलेली, म्हणून ४० टक्के घसारा जाऊन आयडीव्ही ४ लाख ८० हजार. दर ३.२८३ टक्के, म्हणून मूळ हप्ता १५,७५८. पहिल्या मालकाने तीन वर्षांत एकही क्लेम केला नाही. त्याला ३५ टक्के सूट मिळून १०,२४३ रुपये. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवले, वर १८ टक्के जीएसटी लावला, की १६,११८ रुपये. दुसऱ्याने मागच्या वर्षी एक क्लेम केला होता. त्याची सूट गेली. त्याचे १५,७५८ अधिक ३,४१६, आणि वर जीएसटी : २२,६२५ रुपये. फरक साडेसहा हजारांचा. यावर प्रत्येक कंपनीची स्वतःची सूट असते आणि मालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम वेगळी असते. पण फरकाचं मूळ हेच.

यातून एक व्यवहार शिकण्यासारखा आहे. हिल रोडच्या गर्दीत रिक्षाने बंपर फोडला, नव्या बंपरची किंमत सहा हजार. क्लेम करावा का? प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, राहिले तीन हजार. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीसाठी हजार रुपये मालकाने सोसायचे असतात. हाती आले दोन हजार. आणि त्यापायी पुढच्या वर्षीची सहा-सात हजारांची सूट गेली. शिवाय पन्नास टक्क्यांपर्यंतची शिडी पहिल्या पायरीपासून पुन्हा चढायची. अशा वेळी गॅरेजवाल्याला खिशातून पैसे देणं स्वस्त पडतं. विमा मोठ्या आघातासाठी असतो, ओरखड्यांसाठी नव्हे.

हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जुनी गाडी विकून नवी घेतली, तरी मिळवलेली सूट नव्या गाडीला लावता येते. फक्त तसं पत्र कंपनीकडून घ्यावं लागतं. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर मात्र ती बुडते. आणि क्लेम केलेला असताना नाही केला असं फॉर्मवर लिहू नये. कंपन्या एकमेकींकडे विचारणा करतात आणि नेमका गरजेच्या वेळी क्लेम नाकारला जातो.

या बोनसमध्ये एक अन्यायही दडलेला आहे. नाव पाहा : ‘नो क्लेम’. चूक कुणाची हे तो विचारत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी फुगली आणि वांद्रे पूर्वेपासून कुर्ला-कलिन्यापर्यंत पाणी घुसलं. जागच्या जागी उभी असलेली गाडी त्यात बुडाली, तर तिच्या मालकाने काय गुन्हा केला? पण क्लेम केला की बोनस गेला. त्या पावसाने मुंबईकराला आणखी एक धडा दिला. पूर हा ओन डॅमेजमध्ये येतो, तसे आग, भूकंप, दंगल, चोरीही येतात. नुसती थर्ड पार्टी घेणाऱ्याला यांतलं काहीच मिळत नाही. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चावी फिरवून सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी शिरून ते बिघडलं, तर साध्या पॉलिसीत कंपनी ते मान्य करत नाही. पुराने झालेलं नुकसान वेगळं आणि तुम्ही चावी फिरवल्याने झालेलं वेगळं, असा तिचा युक्तिवाद. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. सखल भागात राहणाऱ्याने हप्त्यातली ही ओळ खोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

काही किरकोळ पण उपयोगी गोष्टी. सीएनजी किट बसवलं असेल तर ते पॉलिसीत नोंदवून घ्यावं. टॅरिफप्रमाणे त्याच्या किमतीच्या चार टक्के, आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल, तर त्याच्या जबाबदारीचे वर्षाला ५० रुपये. पन्नास रुपये! आपल्या घरच्या गाडीवर राबणाऱ्या माणसाच्या नावाची ही ओळ खोडू नये.

इतका वेळ आपण जे पाहिलं, त्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आपल्याकडचा हप्ता गाडी पाहून ठरतो; चालवणारा त्यात फारसा दिसतच नाही. हे आता बदलू लागलं आहे. दर खुले झाल्यापासून कंपन्या मॉडेल, शहर, सुट्या भागांची किंमत आणि आपला क्लेमचा अनुभव पाहून दर लावतात. काही जण मालकाचं वय आणि व्यवसायही विचारतात. माझा फॉर्म भरताना एजंटाला व्यवसायाच्या यादीत ‘कवी’ सापडेना. त्याने मला ‘इतर’मध्ये टाकलं. कवीमुळे धोका वाढतो की कमी होतो, याचा आकडा बहुधा कुणी काढलेला नाही!

२०१९ मध्ये नियामकाने वाहतुकीचे नियम मोडण्याशी हप्ता जोडता येईल का, हे पाहायला गट नेमला. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात तशी शिफारस होती. जुलै २०२२ मध्ये ‘जितकी चालवाल तितका हप्ता’ आणि ‘जशी चालवाल तसा हप्ता’ अशा दोन जोडण्यांना परवानगी मिळाली. वांद्र्याहून चर्चगेटला लोकलने जाणारा आणि फक्त रविवारी गाडी काढणारा माणूस रोज सी-लिंकवरून ये-जा करणाऱ्याइतका हप्ता का भरेल? हा न्याय पटण्यासारखा आहे. मात्र तुमची गाडी कुठे जाते, किती वाजता जाते, ब्रेक केव्हा दाबता, याची नोंद मग कुणाकडे तरी राहणार.

आणि इथे तो मघाचा प्रश्न परत येतो. गट कोणत्या खुणेवरून पाडायचा? ब्रिटनमध्ये चालकाचं वय, धंदा आणि घराचा पोस्टकोड यांवर हप्ता ठरतो. तिथे बायकांना पूर्वी स्वस्तात विमा मिळे, कारण त्यांच्या हातून मोठे अपघात कमी होतात असा अनुभव होता. युरोपच्या न्यायालयाने २०११ मध्ये स्त्री-पुरुष हा भेद रद्द ठरवला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तो बंद झाला. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या एका वृत्तपत्राने आरोप केला, की बाकी माहिती तीच ठेवून नुसतं ‘जॉन’च्या जागी ‘मोहम्मद’ लिहिलं की हप्ता वाढतो. कंपन्यांनी तो नाकारला. २०२२ मध्ये ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने अभ्यास करून सांगितलं, की कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना वर्षाला सरासरी अडीचशे पौंडांच्या घरात जास्त भरावे लागतात. कंपन्या म्हणाल्या, आम्ही वंश विचारतच नाही. ते खरंही असेल. पण पोस्टकोड विचारला की वंश वेगळा विचारावा लागत नाही. कुणाची वस्ती कुठे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

माझं नाव ज्या तऱ्हेचं आहे, त्यामुळे मला हा प्रश्न जरा जवळचा वाटतो. पण तो एका धर्माचा नाही. वांद्र्याच्या सगळ्या गाड्यांवर ‘एमएच ०२’ असतं, चॅपल रोडवरच्या असोत की भारतनगरच्या. जुन्या टॅरिफने अख्खी मुंबई एका विभागात टाकली होती. ते गणित ढोबळ होतं, पण त्या ढोबळपणात एक समता होती. उद्या संगणक गल्लीगणिक दर काढू लागला, तर अरुंद रस्त्याला, नाल्याकाठच्या चाळीला, रात्रपाळीच्या कामगाराला जास्त पैसे पडतील. ज्याला दुसरीकडे घर परवडत नाही, त्याच्याकडून त्या घराचाही दंड वसूल होईल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी १९८८ मध्येच यावर कौल दिला. तिथे गाडीच्या हप्त्यात पहिलं वजन चालकाच्या रेकॉर्डला, दुसरं वर्षाला किती मैल चालवली याला आणि तिसरं अनुभवाच्या वर्षांना. बाकीच्या खुणा त्यानंतर. माणूस काय करतो ते आधी पाहा, तो कोण आहे आणि कुठे राहतो ते मागाहून, असा तो सरळ न्याय.

आपल्याकडे ही वाट अजून ठरायची आहे, म्हणून आतापासून विचारायची सवय लावून घ्यावी. हप्ता वाढला, तर कंपनीकडे लेखी विचारा : कोणत्या कारणाने? उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. हप्त्याचा वादही तिथे चालतो. मुंबईचं ते कार्यालय सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर आहे, आणि तिथे ना फी लागते, ना वकील. एका हजार जणांच्या भिशीत आपण पैसे टाकतो आहोत. आपला वाटा कसा मोजला, हे विचारण्याचा हक्क त्या हजारातल्या प्रत्येकाला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)